जुनी ट्रॅव्हलर कॅम्पर घाटात पाणी फेकतेय, इंजिनचं हेड घरीच उतरवू का?

घाटवेडा_कोथरूड

मंडळी, सल्ला पाहिजे, जरा लांबलचक आहे पण वाचा.

माझ्याकडे २००१ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आतून कॅम्पर केलेली, म्हणजे मागे पलंग, छोटा ओटा, सिंक, १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर कॅरियर आणि सोलर पॅनल. एसी बाहेरून बसवलेला. इंजिन जुनंच, ओएम ६१६, २.४ लिटर, विनाटर्बो. पासिंग वगैरे सगळं झालेलं आहे तेव्हा "विकून टाक आणि नवी घे" हा सल्ला कृपया नको, तो मला घरी रोज फुकट मिळतो.

प्रॉब्लेम असा की गाडी घाटात गरम होते. कोकणातून वर येताना माझेरी सोडली आणि वरंधा सुरू झाला की सुरुवातीची वळणं ठीक, मग तापमानाचा काटा चढायला लागतो आणि वाघजाईच्या भजीवाल्यांपर्यंत पोचायच्या आधीच लालला टेकतो, थांबलं की ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी फेकते. ताम्हिणीत पण तेच. गंमत म्हणजे सपाटीला, सातारा रोडला म्हणा सोलापूर रोडला म्हणा, काटा उलट पूर्वीपेक्षा खालीच असतो, सकाळच्या गारव्यात तर जागचा हलत नाही. पाणी बाहेर कुठे गळताना दिसत नाही, ऑईल स्वच्छ आहे, डिपस्टिकला किंवा ऑईलच्या झाकणाला दुधाळ काही नाही. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) मात्र गाडी गरम असताना दाबला तर बोट आत जात नाही इतका कडक.

गेल्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीने रेडिएटर साफ करून दिला आणि थर्मोस्टॅट वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो तो) काढून टाकला, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही, गाडी थंड राहील. आता दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने फक्त होज दाबून सांगितलं की हेड (सिलिंडरवरचं झाकण) गेलंय, गॅस्केट (हेडखालचं सील), फेसिंग (हेड घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह सगळं मिळून ४५ हजार, आणि उघडल्यावर अजून काही निघालं तर ते वेगळं.

तर म्हटलं हेड मीच उतरवतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेटिंग, डिझेलचे नोझल काढून चेक करायला देणं, डिझेल फिल्टर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदलणं एवढं हाताखालून गेलंय, टॉर्क पाना आहे, एक मित्र मदतीला आहे. काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच करायचंय, सेक्रेटरींनी पेव्हर ब्लॉकवर ऑईल सांडणार नाही असं लेखी मागितलं, तेही दिलं. प्रश्न असे की हेड काढताना टायमिंग चेनचं (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारी साखळी) काय करायचं, हेड बोल्ट जुनेच चालतात का, आणि फेसिंग भोसरीला करून घेऊ का शहरातच कुठे होतं?

पाना_दहाबारा

हेडला हात लावू नकोस अजून. "सपाटीला काटा खाली", "घाटात लाल" आणि "थर्मोस्टॅट काढून टाकला", ही तुझीच तीन वाक्यं एकाखाली एक लिहून परत वाच बरं.

आणि गरम गाडीचा होज कडक असणारच रे, सिस्टीमच प्रेशरची आहे. रेडिएटरला एक बारची कॅप असेल तर आतलं पाणी १२० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, कॅप नसती तर पुण्याच्या उंचीवर ते ९८ लाच उकळलं असतं. त्या प्रेशरनेच होज फुगतो. नुसता गरम होज दाबून हेड गेलं म्हणणारा माणूस एकतर घाईत आहे नाहीतर त्याला पुढच्या महिन्याचा हप्ता आठवतोय.

होज बघायचा तो थंड गाडीला. रात्रभर उभी ठेव, सकाळी कॅप उघडून परत लाव म्हणजे आत राहिलेलं प्रेशर निघून जाईल, मग स्टार्ट कर आणि मिनिटभरात वरचा होज दाब. पाणी अजून कोमटसुद्धा झालेलं नाही आणि होज टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, मग गॅस्केट किंवा हेडला क्रॅक, तेव्हा हेड उतरवायच्या गोष्टी करू. मऊ राहिला तर हेड बहुधा शाबूत. दुसरं म्हणजे थंड असतानाच कॅप उघडी ठेवून चालू कर आणि रेडिएटरच्या तोंडात बघत रहा, सुरुवातीला अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात ते थोड्या वेळाने थांबले पाहिजेत, थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील तर लक्षण वाईट.

ब्लॉक टेस्टर (पाण्यात इंजिनचा गॅस शिरतोय का ते दाखवणारा) ऑनलाईन मिळतो, त्यातलं निळं लिक्विड एक्झॉस्टचा कार्बन डायऑक्साइड लागला की पिवळं पडतं. फक्त डिझेलला एक गोम आहे, आयडलला हवा भरपूर आणि डिझेल कमी, त्यामुळे एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड मुळात कमीच, पेट्रोलसारखं पटकन पिवळं होत नाही. रेस धरून बराच वेळ पंप कर. आणि रेडिएटरमधलं पाणी आधी थोडं खाली कर, टेस्टरमध्ये कूलंट ओढलं गेलं की लिक्विड फुकट.

टर्बो_तात्या

थर्मोस्टॅट वगैरे सगळं परदेशातल्या थंडीसाठी असतं हो. आमच्या ट्रॅक्सला नाहीये, खेड शिवापूर ते पुणे रोज पळते, कधी गरम नाही. अडथळा काढला की पाणी जोरात फिरणार, जोरात फिरलं की थंड होणार, साधा हिशोब आहे. मी तर म्हणतो एकदाचं हेड उघडून टाका, इतकी जुनी गाडी आहे, व्हॉल्व्ह घासून होतील, गॅस्केट नवं पडेल, दहा वर्षं बघायला नको.

निवृत्त_फिटर

तात्या, खेड शिवापूर ते पुणे रिकामी गाडी आणि वरंध्याला पाण्याची टाकी भरून पलंग-ओट्यासकट गाडी यात फरक आहे. वाटेतला कात्रजचा बोगदा धरला तरी तो चढ काही तासाभराचा नाही.

माझी नोकरी इंजिन शॉपला गेली, याच जातीच्या इंजिनांवर, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हे इंजिन मर्सिडीजच्या डिझाइनचं, बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ नंतरच्या फोर्सने, लायसन्सवर इथे बनवलेलं. मर्सिडीजच्या २४०डी कारमध्ये हेच घराणं होतं. त्यामुळे २४०डीचं इंग्रजी मॅन्युअल शोधलंत तर इंजिनच्या पोटातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल, बाहेरचं ब्रॅकेट-पाईप वेगळं असेल ते सोडून द्या.

आता थर्मोस्टॅट. लोकांना वाटतं तो नळाच्या चकतीसारखा आहे, बंद झाला की पाणी अडतं, काढला की मोकळं. या इंजिनातला तसा नाही. त्याला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरकडची वाट उघडते, आणि त्याच वेळी खालची, स्प्रिंगवर बसलेली, बायपासचं भोक बंद करते. बायपास म्हणजे हेडमधून आलेलं पाणी रेडिएटरला न जाता सरळ वॉटर बॉडीत परत जायची आखूड वाट. थंड इंजिनला ती हवी असते, गरम झाल्यावर ती बंद झालीच पाहिजे. तुम्ही थर्मोस्टॅट काढला म्हणजे ती आखूड वाट कायमची उघडी ठेवलीत. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाण्यापेक्षा पाण्याला तिथून जाणं सोपं, मग बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात. सपाटीला उष्णताच कमी, तेव्हा रेडिएटरमधून थोडंफार जातं तेवढ्यातही इंजिन थंडच राहतं, अगदी नको इतकं थंड. म्हणून काटा खाली. घाटात लोड आला की तेवढं पुरत नाही.

आणि ते "थंड राहणं" पण फुकटचं नाही बरं का. हे इंजिन ८० च्या वर चालायला बनवलंय, साठ-पासष्टला चालवलंत की डिझेल जास्त पितं, धूर मारतं, ऑईलमध्ये पाणी आणि काजळी साठते, बोअर-रिंग लवकर झिजतात. तात्यांच्या ट्रॅक्सचं ॲव्हरेज विचारा त्यांना.

खात्री करायची सोपी खूण सांगतो. थंड गाडी चालू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा, बेल्ट-फॅनपासून लांब. थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत होज बराच वेळ थंड राहतो आणि मग उघडला की एकदम तापतो. तुमचा पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल.

नवा आणाल तो बसवायच्या आधी घरी तपासा. जुन्या पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका कारण बूड पाण्यापेक्षा गरम असतं, शेजारी थर्मामीटर धरा. ८० च्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि उकळी जवळ येईपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. दुधाचं पातेलं घेऊ नका, घरात इंजिनपेक्षा मोठा प्रॉब्लेम होईल. बसवताना त्यावर हवा जायला एक छोटं भोक किंवा गोळी असते ती वरच्या बाजूला. उलटी बसवली तर हवा अडकते आणि तुम्ही परत इथे लिहायला येता.

अनघा_मुळशी

काकांनी इंजिनचं सांगितलंच, मी कॅम्परवाल्यांचं सांगते कारण आमची पण जुनी ट्रॅव्हलरच आहे आणि ताम्हिणी आमचा रोजचा.

बाहेरून बसवलेला एसी असला की त्याचा कंडेन्सर (एसीची जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात येतो. दोघांच्या मधे बोटभर फट. रेडिएटर साफ केला असं लोक सांगतात म्हणजे पुढून पाईपने पाणी मारतात, ते कंडेन्सर धुतं, घाण मागे ढकलून रेडिएटरवर नेऊन चिकटवतं. कंडेन्सरचे वरचे दोन बोल्ट सैल करून तो पुढे झुकव (गॅसचे पाईप वाकवू नको, सोडायचे तर अजिबात नाहीत) आणि टॉर्च घालून त्या फटीत बघ. आमच्या गाडीत एक अख्खी गादी निघाली होती, शेवरीचा कापूस, गवताची कुसळं, पावसाळ्यातले पंखवाले किडे आणि वर ऑईलच्या ओलाव्याने बसलेली माती, सगळं एकमेकांत विणल्यासारखं, उचकटलं तर रेडिएटरच्या जाळीचा छाप पडलेला तुकडाच्या तुकडा हातात आला. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या पाईपने, प्रेशर वॉशर फिनच्या अंगावर धरलास तर फिन झोपतात आणि मग हवा जातच नाही.

दुसरं म्हणजे वजन. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, घाटाच्या पायथ्याशी भरून वर न्यायची काही गरज नसते, भोरला भर की.

चढताना दुसऱ्या गिअरला चढव. तिसऱ्यात दात ओठ खात ओढत नेऊ नकोस, फॅन आणि वॉटर बॉडी इंजिनच्याच स्पीडवर फिरतात, आरपीएम पडला की हवा पण कमी, पाणी पण कमी आणि लोड मात्र पूर्ण. एसी बंद. काटा चढायला लागला की केबिन हीटर असेल तर फुल, पाय भाजतील पण तो एक छोटा रेडिएटरच आहे.

आणि काम सुरू करायच्या आधी एक फार महत्त्वाचं, जे साध्या गाडीवाल्यांना माहीत नसतं. तू स्टार्टर बॅटरीची निगेटिव्ह काढशील आणि म्हणशील झालं. कॅम्परमध्ये मागची घरची बॅटरी असते आणि दोघींना जोडणारी जाड वायर थेट इंजिनपर्यंत आलेली असते, शिवाय टपावरचं सोलर दिवसभर करंट देतंच. पाना स्टार्टरच्या बोल्टला आणि बॉडीला एकदम टेकला तर पाना जागेवर वेल्ड होतो. मागच्या बॅटरीचा फ्यूज काढ, सोलरचा स्विच बंद कर, आणि ओट्याखालचा गॅस सिलिंडर गाडीतून बाहेर काढून ठेव, फक्त रेग्युलेटर बंद करून भागवू नकोस.

घाटवेडा_कोथरूड

अरे बापरे, मी मागच्या बॅटरीचा विचारच केला नव्हता. धन्यवाद ताई.

काका, तुमचं दोन चकत्यांचं वाचून हाउसिंग उघडून बघितलं, आत खाली खरंच गोल भोक आहे, बायपासचं, आणि थर्मोस्टॅटची जागा रिकामी. होजची टेस्ट उद्या सकाळी करतो. पण समजा हेड निघालंच तर माझ्या मूळ प्रश्नांची उत्तरं कुणीच दिली नाहीत.

निवृत्त_फिटर

देतो. पण टेस्ट झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही या अटीवर.

हेड ओतीव लोखंडाचं आहे. ॲल्युमिनियमच्या हेडसारखं जरा तापलं की वाकलं असं याचं होत नाही, पण क्रॅक जाऊ शकतं, विशेषतः घाटात गरम झालेल्या इंजिनवर कुणी बादलीने गार पाणी ओतलं तर. भजीवाले मदतीला धावतात, त्यांना हात जोडून थांबवा. लोखंडाचं म्हणजे वजनदार, तुम्ही आणि मित्र दोघं वाकून उचलायला जाल तर एकाची कंबर आणि एकाचं बोट जाईल, चेन ब्लॉक किंवा इंजिन क्रेन भाड्याने आणा.

चेन डबल रोची आहे. कॅमचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) सोडायच्या आधी एक नंबरचा सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा, चेनच्या कडीवर आणि स्प्रॉकेटच्या दातावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, टेन्शनर आधी काढायचा, मग स्प्रॉकेट, आणि चेन तारेने वर बांधून ठेवायची. ती सैल सोडलीत आणि खाली क्रँकवर एक दात सरकली तर सगळं टायमिंग गेलं. चेन सुटलेली असताना इंजिन फिरवायचं नाही म्हणजे नाही. कॉम्प्रेशन रेशो २१ आहे, पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मधे जागाच नसते.

बोल्टचं उत्तर "बघावं लागेल" असं आहे. एक जात नुसत्या टॉर्कने आवळायची, दुसरी ताणली जाणारी, टॉर्क देऊन मग अंशात फिरवायची. दुसरी जात लांबीला वाढली असेल तर बदलायचीच. एकीचा आकडा दुसरीला लावू नका, आणि आकडा व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, तुमच्या इंजिन नंबरप्रमाणे मॅन्युअलमधला घ्या. आवळताना मधून बाहेर गोल गोल, टप्प्याटप्प्याने, भोकातलं ऑईल-पाणी आधी हवेने उडवून.

गॅस्केट घेताना पण इंजिन नंबर सांगा. जुनं २.४ आणि नंतरचं २.६, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९०.९ मिमी, फरक स्ट्रोकमध्ये (पिस्टनची चाल), एकाचा ९२.४ आणि दुसऱ्याचा १००. दुकानदार नुसता बोअर बघून हातात देईल ते घेऊन येऊ नका.

फेसिंग कुठेही करा, पण आधी स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायला सांगा, वाकलेलं नसेल तर उगाच घासू नका, आणि क्रॅक टेस्ट करून घ्या. जोडल्यावर टॅपेट थंड इंजिनला इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिमी, चौदाचे दोन पातळ पाने लागतात ते तुमच्याकडे असतीलच. नोझलखालच्या वॉशर दर वेळी नव्या.

एक अजून. हेड उतरवायच्या निर्णयाआधी कॉम्प्रेशन बघा, हीटर प्लगच्या (थंड इंजिन सुरू करायला आत तापतो तो) भोकातून, डिझेलचा गेज पाहिजे, पेट्रोलचा लावलात तर फुटेल. चारी सिलिंडरमध्ये तीन बारच्या आत फरक असेल तर इंजिन तब्येतीत आहे.

टर्बो_तात्या

काका, ॲव्हरेज नाही सांगत जा. पण दोन चकत्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यात पण तोच प्रकार असेल का?

निवृत्त_फिटर

ओएम ६१६ असेल तर हो. हाउसिंगचे बोल्ट खोला, आत भोक दिसलं की समजा.

पाना_दहाबारा

थर्मोस्टॅट आणायला नाना पेठेत जाशील तर जुन्याचा फोटो नाहीये तुझ्याकडे, त्यामुळे हाउसिंगचा फोटो आणि व्यास मोजून ने. एक चकतीचा कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट व्यासाला बसतो म्हणून देतात, तो घेतलास तर बायपास उघडाच राहील आणि आम्ही सगळे बोंबललो ते वाया. खाली स्प्रिंग आणि दुसरी चकती दिसली पाहिजे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वापरलेले मिळतात, ते नको, नवा काही सोन्याचा नसतो. कॅप पण नवीच घे, जुन्याचं रबर बघ एकदा.

घाटवेडा_कोथरूड

अपडेट.

थंड होज टेस्ट केली, मऊ. बुडबुडे सुरुवातीला आले आणि थांबले. टेस्टरचं लिक्विड रेस धरून बराच वेळ पंप केलं तरी निळंच. म्हणजे हेड जिथे आहे तिथेच राहतंय, मित्र जरा नाराज झाला, त्याला इंजिन क्रेन चालवायची होती.

अनघाताई, कंडेन्सर पुढे झुकवला आणि तुमची गादी आमच्याकडे पण निघाली, फक्त आमच्यात वर एक चिप्सचं पाकीट होतं, छान चपटं होऊन बसलेलं. रेडिएटरचा खालचा जवळजवळ अर्धा भाग त्याने झाकला होता. कॅपचं रबर एका बाजूने तुटलेलं, म्हणजे पूर्ण प्रेशर धरत नसणार, पाणी लवकर का फेकायची ते कळलं.

थर्मोस्टॅट दोन चकत्यांचाच मिळाला, तिसऱ्या दुकानात. पहिल्या दोघांनी "हा पण चालेल" म्हणून दुसराच दाखवला. पातेल्यात ८१ ला हलला. जुनं पातेलं म्हणून जे घेतलं ते जुनं नव्हतं असं आता सांगण्यात येतंय.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली, आणि आधी दिवे घाटात, मग टाकी रिकामी ठेवून वरंध्याला जाऊन आलो. सातारा रोडला काटा आता मधे येऊन उभा राहतो, पहिल्यांदाच. इन्फ्रारेड गन हाउसिंगवर मारली तर ८७-८८ (चकचकीत धातूवर चुकीचं दाखवते म्हणून काळी टेप चिकटवून). घाटात दुसऱ्या गिअरला, एसी बंद, काटा मधल्या रेषेच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. पाणी फेकलं नाही.

पण एसी लावून चढवली तर शेवटच्या टप्प्यात परत लालच्या जवळ जातो. लाल होत नाही पण जवळ. गन रेडिएटरवर फिरवली तर डावीकडे खाली एक पट्टा बाकीच्यापेक्षा बराच गार दाखवतो. आणि जुनं काढलेलं कूलंट बादलीत ठेवलंय, सेक्रेटरी विचारतात गटारात टाकू का.

अनघा_मुळशी

गटारात अजिबात नको, आणि बादली आत्ताच्या आत्ता झाकून कुठेतरी वर ठेव. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशाने पण किडनी जाऊन मरतात. कॅनमध्ये भर, झाकण घट्ट, आणि जुनं ऑईल घेणाऱ्या गॅरेजला विचार ते कूलंट वेगळं घेतात का, ऑईलमध्ये मिसळून देऊ नकोस.

निवृत्त_फिटर

गार पट्टा म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाहीये, आतून क्षार बसलेत. आधी काय भरत होतात रेडिएटरमध्ये?

घाटवेडा_कोथरूड

खरं सांगायचं तर घाटात जे मिळेल ते, आणि घरी सोसायटीचं. उन्हाळ्यात ते टँकरचं असतं.

निवृत्त_फिटर

टँकरचं म्हणजे बोअरचं, मग बरोबर. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच आत बसलाय. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल, म्हणजे वरची-खालची टाकी पितळेची डाग (सोल्डर) दिलेली, तर रेडिएटरवाल्याकडे न्या आणि टाक्या उघडून रॉडिंग करून घ्या, एकेका नळीतून पट्टी फिरवतात. ॲसिड टाकून "एका तासात साफ" म्हणणारा भेटला तर उठून या, जुन्या डागाला भोकं पडतात. प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियम असेल तर रॉडिंग होत नाही, बदलाच. डाग दिल्यावर एक बारला हवा भरून पाण्यात बुडवून दाखवायला सांगा, तुमच्या समोर.

रेडिएटर बाहेर निघालाच आहे तर फॅन पण बघा. व्हिस्कस कपलिंगचा (आत घट्ट तेल असलेला क्लच) असेल तर इंजिन बंद, गरम असताना हाताने फिरवा, सुळकन फिरत राहिला तर कपलिंग गेलंय, थोडं अडखळलं पाहिजे. आणि रेडिएटरच्या मागचं शेड (फॅनभोवतीचं आवरण) जाग्यावर आहे ना? कॅम्पर करताना वायरी ओढायला लोक ते कापतात.

घाटवेडा_कोथरूड

टाक्या पितळेच्या आहेत. शेड खालून कापलेलं आहे, तिथूनच मागच्या बॅटरीची जाड वायर गेलीय. शनिवारी रेडिएटर काढतो, वायर दुसरीकडून फिरवतो आणि शेडला पत्रा रिव्हेट मारून घेतो.

पाना_दहाबारा

वायर फिरवताना तिच्यावर फ्यूज आहे का बघ, दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जवळ. आणि एक्झॉस्टपासून लांब.